अंगावरचे दूध फुकट नसते: घरखर्च, दवाखाना आणि नोकरीचा सविस्तर हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिले बाळ, वय बारा दिवस. आई खासगी कंपनीत नोकरीला. रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे बाळ चार महिन्यांचे झाले की कामावर रुजू व्हायचे आहे. घरात दोन मते आहेत. सासूबाई म्हणतात, अंगावरचे दूध फुकटचे आहे, दुधाच्या पावडरीचा डबा आणायचाच कशाला. नवरा म्हणतो, डब्याने असा कितीसा खर्च वाढणार, बाळंतिणीची झोप तरी होईल. तेव्हा अंगावर पाजल्याने खरेच किती पैसे वाचतात, दवाखान्याचा खर्च कमी होतो म्हणतात त्यात तथ्य किती, आणि नोकरी सांभाळून हे जमते का?

आधी 'फुकट' हा शब्द बाजूला ठेवू या, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. अंगावरचे दूध फुकट नसते. त्याला आईचे जेवण लागते, झोप लागते आणि दिवसातले कित्येक तास लागतात. हा खर्च दुकानाच्या बिलावर दिसत नाही म्हणून तो नाही असे धरले जाते. मग बाळंतिणीच्या ताटात कमी वाढले जाते, कामाला कोणी हात लावत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात 'हिला दूधच पुरत नाही' म्हणून डबा घरात येतो. बचत खरी आहे आणि मोठी आहे. पण आईचा वेळ नि ताकद कोणीतरी भरून दिली तरच ती पदरात पडते.

आता आकडे. सहा महिने पूर्णपणे डब्याच्या दुधावर असलेले बाळ किती पावडर खाते, हे घरबसल्या काढता येते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिली दूध लागते. म्हणजे पहिल्या महिन्यात दिवसाला सरासरी ५५० मिली, दुसऱ्यात ६७५, तिसऱ्यात ७७५ आणि पुढे ८२५ ते ८७५. सहा महिन्यांची बेरीज साधारण १३५ लिटर होते. बहुतेक डब्यांचे प्रमाण ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असे असते आणि चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर मावते, म्हणजे एक लिटर तयार दुधाला सुमारे १३५ ग्रॅम. १३५ लिटरला १८ किलोंहून थोडी जास्त. बाळाने अर्धवट टाकलेले दूध पुन्हा द्यायचे नसते, ते ओतून द्यावे लागते. ती नासाडी धरली की हिशेब २० किलोंवर जातो. ४०० ग्रॅमचे ५० डबे. साधा डबा ४५० रुपयांचा धरला तर साडेबावीस हजार, ८५० चा धरला तर साडेबेचाळीस हजार. तुमच्या मेडिकलमधला आजचा भाव घालून हाच गुणाकार करा.

याला जोडून येणारे खर्च कोणी मोजत नाही. चार बाटल्या, ब्रश, दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची बुचे, मिळून दीड-दोन हजार. गॅस: दोन लिटर पाण्यात बाटल्या दहा मिनिटे उकळायच्या, तेही दिवसातून दोनदा, शिवाय दूध कालवायला वेगळे उकळलेले पाणी. रोज १०० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे सहा महिन्यांत सव्वा सिलिंडर. आणि हे सगळे करायला रोजचा तास-दीड तास. डबा आणला की बाळंतिणीला विश्रांती मिळेल, ही समजूत रात्री दोनच्या पाजण्यापर्यंतच टिकते. तेव्हा उठून पाणी गरम करणारी, मोजणारी, बाटली धुणारी बहुतेक घरांत तीच असते.

दुसऱ्या पारड्यात आईचे जेवण. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी आणि साधारण १७ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. ऐकायला हे जड वाटते, ताटात मात्र ते अगदी साधे दिसते: ५० ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि लिंबाएवढा गुळाचा खडा. भाकऱ्यांतून ३५० कॅलरी नि १० ग्रॅम प्रथिने, दाण्यांतून १६५ कॅलरी नि ७ ग्रॅम, उरलेल्या कॅलरी गुळातून. याचा खर्च दहा-बारा रुपये. त्यावर एक अंडे किंवा वाटीभर पालेभाजी धरली तरी दिवसाला १५ ते २५ रुपये, सहा महिन्यांचे २७०० ते ४५०० रुपये. हे तिच्या नेहमीच्या जेवणावर वाढीव हवे, नेहमीचे कमी करून नव्हे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी जरूर खा. त्यातून लोह आणि ताकद मिळते. पण दूध वाढते ते बाळ ओढते म्हणून. कल्प, ग्रॅन्युल आणि 'दूधवाढीच्या' पावडरींवर महिन्याला हजार-दीड हजार घालणारी घरे दिसतात आणि त्याच घरात बाळंतिणीला दुपारी दोनला जेवायला मिळते. तो पैसा जेवणावर आणि हाताखालच्या बाईवर घाला.

यात पाजण्याची नीट पद्धत शिकवणाऱ्या समुपदेशकाची एक-दोनदा फी, हाताने चालवायचा पंप घेतलाच तर त्याचे हजार-दीड हजार आणि बाळाचे ड जीवनसत्त्वाचे थेंब धरा. हे थेंब अंगावर पिणाऱ्या बाळालाही वर्षभर रोज ४०० युनिट लागतातच, कारण आईच्या दुधात ड पुरेसे नसते. सगळे मिळून पाच ते आठ हजार. समोर डब्याचे पंचवीस ते सेहेचाळीस हजार. फरक कमीत कमी सतरा-अठरा हजारांचा, महागडा डबा असेल तर त्याच्या दुप्पट. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचे डबे विकत घ्यायचे काहीच कारण नाही. सहा महिने ते वर्षापर्यंत बाळाच्या निम्म्या कॅलरी आणि दुसऱ्या वर्षी सुमारे एक तृतीयांश कॅलरी अंगावरच्या दुधातून मिळू शकतात. बाकीच्या खिमट, वरण-भात, अंडे, नाचणी, केळ्यातून.

दवाखान्याचा खर्च

घरखर्चापेक्षा मोठी बचत इथे आहे, पण ती दिसत नाही, कारण न झालेल्या जुलाबाचे बिल कोणी ठेवत नाही. म्हणून अभ्यासांकडे पाहावे लागते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या टुसॉन आणि स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या बाळांच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला होता. आजार फक्त तीन घेतले: छातीचा संसर्ग, कान फुटणे-दुखणे आणि जुलाब-उलट्या. निदान तीन महिने फक्त अंगावर प्यायलेल्या बाळांच्या तुलनेत, कधीच अंगावर न प्यायलेल्या दर १००० बाळांमागे डॉक्टरांकडे २०३३ फेऱ्या जास्त झाल्या, रुग्णालयातले २१२ दिवस जास्त आणि औषधांच्या ६०९ चिठ्ठ्या जास्त. खर्च दर बाळामागे ३३१ ते ४७५ डॉलरने वाढला. दर बाळामागे दोन जादा फेऱ्या, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे एका फेरीला डॉक्टरांची फी, औषधे, रिक्षा आणि बरोबर येणाऱ्याचा बुडालेला रोज धरा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल.

२०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा आढावा आला. त्यानुसार अंगावर पाजल्याने जुलाबाचे निम्मे आणि श्वसनसंसर्गाचे एक तृतीयांश प्रसंग टळतात. रुग्णालयात भरती करण्याइतके गंभीर जुलाब ७२ टक्क्यांनी आणि गंभीर श्वसनसंसर्ग ५७ टक्क्यांनी कमी होतात. फरक मुख्यतः भरतीत पडतो आणि पैसे संपतात तेही भरतीतच. साधा जुलाब घरी ओआरएस आणि १४ दिवस झिंक देऊन बरा होतो, खर्च शे-दोनशे रुपये. तोच खासगीत तीन दिवस सलाइनवर गेला की खोली, तपासण्या, औषधे धरून दहा-पंधरा हजार सहज उडतात, शहरात त्याहून जास्त. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाला वर्षापर्यंत उपचार मोफत आहेत, हे माहीत असू द्या. तिथेही आईबापाचे बुडालेले रोज राहतातच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यातले बरेच अभ्यास निरीक्षणाचे आहेत, आणि अंगावर पाजणाऱ्या कुटुंबांत इतरही काही चांगले असू शकते. त्यामुळे बेलारूसमधल्या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. तिथे ३१ प्रसूती रुग्णालये आणि त्यांची बालचिकित्सालये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली आणि एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करायचे नीट प्रशिक्षण दिले. १७ हजारांवर बाळांचा वर्षभर मागोवा घेतला. २००१ साली निकाल आला तो असा: पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळे १३.२ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आली, त्वचेचा इसबही कमी झाला, पण श्वसनाच्या आजारात ठोस फरक दिसला नाही. म्हणून 'अंगावर प्यायलेले बाळ आजारीच पडत नाही' असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. जुलाबापासूनचे संरक्षण मात्र पक्के आहे, आणि आपल्याकडे जिथे पाणी शंकास्पद असते तिथे ते आणखी मोलाचे आहे. त्याच प्रयोगातली दुसरी नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तीन महिन्यांना फक्त अंगावर पिणारी बाळे प्रशिक्षित गटात ४३ टक्के होती, दुसऱ्या गटात ६ टक्के. माया दोन्हीकडच्या आयांना सारखीच होती. फरक पडला तो हाताशी मिळालेल्या मदतीने.

आईच्या तब्येतीचाही हिशेब आहे. आयुष्यात पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि बीजकोशाचा कर्करोग यांचा धोकाही कमी आढळतो. आणि पाळणा लांबतो: बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी आलेली नाही आणि बाळ फक्त अंगावर, दिवसा चार तासांपेक्षा नि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर न पडता, या तिन्ही अटी पाळल्या तर गर्भ राहण्यापासून ९८ टक्के संरक्षण मिळते. यातली एकही अट सुटली की दुसरे साधन लगेच सुरू करायचे.

सर्वात महाग पडते ते अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आजारपण. अशा बाळाच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा एक भयंकर आजार असतो. त्यात नवजात अतिदक्षता कक्षातले कित्येक आठवडे, कधी शस्त्रक्रिया, कधी मृत्यू. मानवी दुधाने तो निम्म्याहून जास्त घटतो. आईचे दूध कमी पडत असेल तर दूधपेढीतले दूध मागा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पेढीत दात्या आईची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून, तपासून मगच दिले जाते. ओळखीच्या बाईचे कच्चे दूध घेऊन या पायऱ्या टाळू नका.

देशपातळीचे आकडे धावतेच सांगते. अमेरिकेत ९० टक्के कुटुंबांनी सहा महिने फक्त अंगावर पाजले तर वर्षाला १३ अब्ज डॉलर वाचतील, असा २०१० चा अंदाज आहे. जगभर पुरेसे स्तनपान न झाल्याची किंमत २०१९ च्या मोजणीत वर्षाला ३४१ अब्ज डॉलर निघाली. त्यात सर्वात मोठा भाग मुलांच्या बौद्धिक वाढीतल्या तुटीचा आणि पुढे घटणाऱ्या कमाईचा. ब्राझीलमध्ये पेलोटास शहरात १९८२ साली जन्मलेल्या मुलांना तिशीत तपासले, तेव्हा वर्ष किंवा त्याहून जास्त अंगावर प्यायलेल्यांची बुद्ध्यांक चाचणी, शिक्षण आणि मासिक कमाई, तिन्ही वरचढ आढळली. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालची फक्त अंगावर असलेली बाळे ६३.७ टक्के होती, पण जन्मानंतर तासाभरात पाजलेली अवघी ४१.८ टक्के. प्रसूती बहुतेक रुग्णालयांत होत असताना हा दुसरा आकडा इतका खाली असावा, याची चिंता वाटते.

पैसा बुडतो तो पहिल्या दहा दिवसांत

सिझेरियन झाले, दुसरा दिवस, बाळ रडते, 'अजून दूध उतरलेच नाही' म्हणून कोणीतरी बाटली देते. इथे पन्नास डब्यांची सुरुवात होते. खरे तर पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर, ५ ते ७ मिली चीक पुरतो. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरते; पहिलटकरणीला किंवा सिझेरियननंतर एखादा दिवस उशीर होतो. वरचे ६० मिली पाजले की बाळ चार तास झोपते, स्तन भरलेले राहतात आणि भरलेल्या स्तनाला शरीर 'आता कमी बनव' असाच निरोप देते. दोन दिवसांत खरोखरच दूध कमी होते आणि डबा खरा ठरतो. मध, गुटी, साखरपाणी यांचेही तेच, वर जंतुसंसर्गाचा धोका वेगळा. पाणीसुद्धा सहा महिने नको, अगदी नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही. उन्हाळ्यात पाजणे वाढवायचे, पाणी आईने प्यायचे.

करायचे ते असे. जन्मानंतर तासाभरात बाळ उघड्या छातीवर; सिझेरियनमध्येही, आई शुद्धीवर असेल तर. मग २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्र धरून, कारण रात्री दूध बनवणारे संप्रेरक जास्त असते. धरायची पद्धत जवळून पाहा: बाळाचे नाक निपलसमोर, पोट आईच्या पोटाला लागलेले, मान वळलेली नाही. जांभई देताना उघडते तेवढे तोंड उघडेपर्यंत थांबायचे आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचे. आईने वाकून स्तन बाळाकडे न्यायचा नाही. नीट लागले की हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, आणि निपलभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. दोन-तीनदा ओढून एक घोट गिळल्याचा आवाज येतो. दुखत असेल, 'चक चक' आवाज येत असेल, सोडल्यावर निपल लिपस्टिकच्या टोकासारखे तिरपे चेपलेले निघाले, तर बाळाने फक्त निपल धरले आहे. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. निपलच्या चिरांवर महागडी मलमे लावण्याआधी ही एवढी दुरुस्ती करा; बहुतेक वेळा कारण तेच असते.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, शी पिवळी, जन्माचे वजन १० ते १४ दिवसांत परत आणि पुढे दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढ, ही खरी मापे. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ दोन-तीन दिवस सतत पाजायला मागते. ते दूध आटल्याचे लक्षण नाही, बाळ पुढची मागणी नोंदवत असते. त्या दिवसांत घरचे काम दुसऱ्याने उचलले तर प्रश्न तिथेच मिटतो. जन्माच्या वजनात १० टक्क्यांहून जास्त घट, सुस्त बाळ, लघवी कमी किंवा विटकरी रंगाची, असे असेल तर मात्र त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. अशा वेळी मोजून वरचे दूध द्यावे लागले तर जरूर द्या, पण बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, आणि जितक्यांदा ते द्याल तितक्यांदा आईचे दूध हाताने काढा, म्हणजे मागणी चालू राहील.

यासाठीची मदत पुष्कळदा मोफत असते. रुग्णालयात प्रसूती झाली तरी आशा ताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. वजन करायला आणि पाजताना पाहायला त्यांना सांगा. आणि कोणी डब्याचा मोफत नमुना किंवा सवलतीचे कुपन दिले तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची नि आहाराची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी, सगळ्यालाच बंदी आहे. फुकटचा एक डबा पुढच्या एकोणपन्नास डब्यांचे गिऱ्हाईक तयार करतो.

नोकरीचे गणित

महिना २५ हजार कमावणाऱ्या बाईने फक्त पाजता यावे म्हणून नोकरी सोडली तर दोन महिन्यांत डब्याची सगळी बचत बुडते. ती बचत नव्हे. म्हणून रजा आणि काढून ठेवलेले दूध, ही दोन साधने नीट वापरायची. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची आहे आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आठही आधी घेतले तर नंतर १८ उरतात, म्हणजे चार महिने. दोनच घेतले तर साडेपाच. तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर पुढच्या खेपेला हे ध्यानात ठेवा. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन जादा विश्रांती कायद्याने मिळतात, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा. हे लेखी मागा, रुजू होण्याच्या महिनाभर आधी.

दूध किती ठेवून जायचे? फक्त अंगावर असलेले बाळ २४ तासांत साधारण ७५० मिली पिते, म्हणजे घराबाहेरच्या दर तासाला ३० मिली. नऊ तासांना पावणेतीनशे ते तीनशे. ऑफिसात दोन-तीनदा, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटे काढले की तेवढे होते. रुजू होण्याआधी दोन आठवडे सकाळच्या पाजण्यानंतर काढायचा सराव सुरू करा. हाताने काढायला पंप लागत नाही: हात धुऊन अंगठा वर आणि बोटे खाली, निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, इंग्रजी सी अक्षरासारखी, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचे, मग अंगठा-बोटे जवळ आणायची, सोडायचे. बोटे त्वचेवरून घासायची नाहीत. थेंब थांबले की बोटांची जागा फिरवायची, चार-पाच मिनिटांनी बाजू बदलायची. उकळलेला, झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. खोलीत हे दूध ४ तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. बर्फाच्या थैल्यांच्या पिशवीत २४ तास. फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आत मागे, ४ दिवस. साय वर येते, डबा हलकेच फिरवला की मिसळते. 'दूध फाटले' म्हणून ओतू नका. कोमट करायचे ते गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून, थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. आजीने वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीची सवय लागली की संध्याकाळी बाळ अंगावर कुरकुरते.

ज्यांना कायद्याची रजाच नाही, त्या ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या, घरकामाच्या बायांचे गणित वेगळे आणि कठोर आहे: तिथे पाजण्यासाठी काम थांबवले की मजुरी कापली जाते. त्यांच्या वाट्याला अंगणवाडीचा घरपोच आहार, पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये, आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत रोज एक गरम जेवण, आणि एसटी स्थानकांवरचे हिरकणी कक्ष एवढे येते. हे मिळवून द्यायला शेजारणीने बरोबर जावे, कारण नोंदणीशिवाय काहीच हाती लागत नाही.

आणि वरचे दूध द्यावेच लागले तर ते देणारी आई कुठे चुकली असे कोणी म्हणू नये. काही औषधे, काही आजार, खरोखर कमी दूध, ही कारणे खरी असतात. तेव्हा दोनच चुका टाळा. एक, डबा पुरवून वापरायला अर्धा चमचा पावडर घालणे. बाळ पोटभर पिते आणि तरी सुकत जाते. दुसरी, कोमट पाण्यात कालवणे. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या वर असतानाच कालवायचे, मग वाहत्या पाण्याखाली निववून पाजायचे आणि दोन तासांत संपले नाही तर ओतून द्यायचे. पाणी घातलेले गाईचे दूध वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह अगदी कमी असते.

तुमचे बाळ बारा दिवसांचे आहे. उद्या सकाळी त्याचे उघडे वजन करून घ्या. जन्माच्या वजनापर्यंत आले असेल आणि लंगोट सहा भरत असतील, तर डब्याचा विषय घरात काढूच नका. ते पैसे सकाळी दोन तास येणाऱ्या कामवाल्या बाईला द्या. वजन मागे असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक पाजण्यानंतर दहा मिनिटे हाताने काढून तेच दूध चमच्याने द्यायला लागा, आणि परवा चौदाव्या दिवशी आशा ताई येतील तेव्हा त्यांच्यासमोर बाळाला पाजून दाखवा.